पहिला स्क्रू मालकाने काढायचा

दुकानातून रीतसर विकत आणलेली वस्तू तुमची झाली, असं तुम्हाला कोणी सांगितलं?

मला कुंदाताईंनी सांगितलं होतं. बुधवार पेठेत एका जिन्याखाली त्यांचं टेबल होतं. हातात धरून खेळायची गेमिंगची यंत्रं त्या दुरुस्त करायच्या. यंत्र पुढे केलं की स्क्रू ड्रायव्हर त्या गिऱ्हाइकाच्याच हातात द्यायच्या. पहिला स्क्रू मालकाने काढायचा, हा नियम. "वस्तू तुमची हाय. आत काय हाय ते बघा की. लाजता कशाला?" एक गृहस्थ एकदा वैतागून म्हणाले, "अहो, मग दुरुस्तीसुद्धा मीच करू का?" कुंदाताई शांतपणे म्हणाल्या, "करा. मी तवर चहा घेऊन येते."

त्या लोणी काळभोरच्या. वडिलांबरोबर शेतातल्या पंपांच्या मोटारी उघडत शिकलेल्या. रोज बसने पुण्यात यायच्या.

माझी धाकटी बहीण रेवा एकोणीस वर्षांची आहे. तिचे स्नायू हळूहळू दुबळे होत चालले आहेत. दर रविवारी दुपारी ती कोथरूडच्या आमच्या घरातून शाळेतल्या तीन मैत्रिणींशी गाड्यांची शर्यत खेळायची. पुढे बारीक बटणं दाबणं बोटांना जमेना आणि खेळ थांबला. मी कुंदाताईंना घरी घेऊन आले. त्यांनी आजाराचं नाव विचारलं नाही.

"काय काय हलतं?"

"डावी मूठ," रेवा म्हणाली. "आणि मान."

"लई झालं."

पंधरा दिवसांनी त्या एक पोळपाट घेऊन आल्या. त्यावर मुठीने दाबता येतील अशी चार मोठी बटणं बसवलेली, आणि गालाशी टेकेल असं एक बटण वाकड्या दांडीवर. तिसऱ्या रविवारी रेवा पहिली आली. "तू चीटिंग करतेयस," मैत्रिणींपैकी सानिया फोनवर ओरडली. "हरलीस की लगेच चीटिंग काय गं?" रेवा म्हणाली. त्या दिवशी आईने त्याच पोळपाटाला हळदकुंकू लावलं.

मग एका सकाळी पडद्यावर 'सुधारणा उपलब्ध' असं आलं. मीच बटण दाबलं. सुधारणा म्हटल्यावर कोण विचार करतं? यंत्र पुन्हा सुरू झालं तेव्हा पडद्यावर एकच ओळ होती: जोडलेलं साधन कंपनीने मान्य केलेलं नाही. रेवाने बटणावर मूठ मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारून तिने मूठ मांडीवर ठेवली.

मी कंपनीला फोन लावला.

"मॅडम, हे तुमच्या सुरक्षिततेसाठी आहे. आमचा अधिकृत कंट्रोलर वापरा."

"तिची बोटं चालत नाहीत."

"मग मॅडम, हे प्रॉडक्ट त्यांच्यासाठी नाही."

आवाज अगदी नम्र होता.

कुंदाताई त्याच दुपारी आल्या. स्क्रू ड्रायव्हर रेवाच्या मुठीत दिला, वरून स्वतःचा हात धरला आणि पहिला स्क्रू तिच्याकडूनच काढून घेतला. दोन तास खटपट केली. मग झाकण लावून टाकलं. "यंत्र तुझं हाय पोरी," त्या म्हणाल्या, "पण आतलं कुलूप दुसऱ्याचं हाय. अन् तो काय आपल्याला वळखत नाही."

मी तिथेच बसून कंपनीविरुद्ध एक जळजळीत पत्रक लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं. "झ्याक लिवलंस. यानं बटण दाबलं जातं का?"

पुढच्या आठवड्यात त्यांनी वेगळ्याच बनावटीचं एक जुनं यंत्र आणलं. ते खुलं होतं. त्याला कोणीही काहीही जोडावं. पोळपाट जोडल्याबरोबर चालला. फक्त मैत्रिणींचा खेळ त्यावर नव्हता. तो त्या बंद यंत्रापुरताच. आता रेवा यंत्राशीच शर्यत लावते. "रोज जिंकते," ती परवा म्हणाली. "कोणी चीटिंग म्हणत नाही."

यंदा कुंदाताईंनी टेबल बंद केलं. नवी यंत्रं स्क्रूऐवजी डिंकाने चिकटवलेली यायला लागली, आणि आतला भाग बदलला की चालायचंच नाकारायला लागली. मी लोणीला गेले तेव्हा त्या पंप उघडून बसल्या होत्या.

"पंप अजून मालकाचं ऐकतो," त्या म्हणाल्या. मग, "रेवा?"

ती एकटीच खेळते, हे मी सांगितलं. त्यांनी पाना खाली ठेवला. "घेतानाच इचारायला पायजे होतं."

त्यांनी कोणाला बोल लावला नाही. ते बंद यंत्र रेवाच्या वाढदिवसाला मी आणलं होतं. रंग बघून.

म्हणून तुम्हाला एक विनंती. घरात असं यंत्र आणायला जाल तेव्हा काउंटरवर विचारा: याला मी घरी बनवलेलं बटण जोडता येईल का? आणि सुधारणा आल्यावरही येईल का? 'हो' म्हणाले, तर बिलावर लिहून मागा. हसले, तर यंत्र तिथेच ठेवा आणि घरी या.