उद्घाटनापर्यंत ब्लॉग बंद राहील

माझा ब्लॉग फुकटातला होता. लिहायला फुकट, वाचायला फुकट, आणि एका वाचकाच्या मते लिहिलेलंही त्याच भावाचं. एका परदेशी कंपनीने जगातल्या कुणालाही देऊ केलेली जागा ती. कंपनीच्या नावाची शेपटी माझ्या ब्लॉगच्या पत्त्याला लागलेली. मला त्या शेपटीचा त्रास नव्हता. नववीत शाळा सोडलेल्या माणसाला कुणी दाखला न मागता लिहायला जागा दिली, याचंच इतकं अप्रूप होतं की पहिले काही महिने मी प्रत्येक लेखाच्या शेवटी कंपनीचे आभार मानत असे.

ते शेठनी थांबवलं. शेठ म्हणजे संगमनेरच्या बसस्टँडमागच्या फ्लेक्सच्या दुकानाचे मालक. मी मूळचा चंद्रपूरच्याही पलीकडचा. एका ठेकेदाराबरोबर, रस्त्याच्या कडेने इंटरनेटच्या केबलसाठी नाली खोदत खोदत इथवर आलो. ठेकेदार पुढे गेला, मी तापाने मागे राहिलो. शेठनी दुकानामागच्या खोलीत झोपायला जागा दिली आणि बरा झाल्यावर फ्लेक्सला कड्या ठोकायचं काम दिलं. कड्या ठोकता ठोकता मी कॉम्प्युटरवर मजकूर बसवायला शिकलो. आता निम्म्या तालुक्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि भावपूर्ण श्रद्धांजल्या माझ्याच हातून जातात. 'दमदार', 'दिलदार', 'गोरगरिबांचा कैवारी' हे शब्द मला शाळेने शिकवले नाहीत, गिऱ्हाइकांनी शिकवले. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा पाट्या बदलायला एवढी गर्दी झाली की आम्ही पंधरा दिवस डबा उभ्यानेच खाल्ला.

आठवडाभर दुसऱ्यांसाठी विशेषणं लिहून झाली की माझ्याकडे साधे शब्द तेवढे उरत. ते मी रविवारी ब्लॉगवर लिहायचो. नाली खोदताना भेटलेली माणसं, खाणावळीतली भांडणं, आमच्याकडच्या तांदळाचा भात इथे का होत नाही, असलं काहीबाही. वाचक मोजके होते. पण त्यातला एक असा होता की त्याच्यासाठी मी एकही रविवार चुकवत नसे.

ते माझे बाबा.

बाबा आमच्या गावच्या शाळेत शिपाई होते. शिपायाच्या पोराने त्याच शाळेतून पळून जावं, हे त्यांनी मला माफ केलं नाही. आता ते माझ्या थोरल्या बहिणीकडे राहतात. मी दर आठवड्याला ताईला फोन करतो आणि मागून बाबांचा आवाज येतो, "झालं का बोलून? ठेव मंग." चौदा वर्षांत त्यांचं माझ्याशी बोलणं ते एवढंच, आणि तेही ताईला उद्देशून. पण रविवारी दुपारी ते ताईचा मोबाईल घेऊन ओसरीवर बसतात आणि माझं लिहिलेलं मोठ्याने वाचतात. शेजारची चार माणसं ऐकायला येतात. "पोरगं लिहिते बरं," असं ते एकदा शेजाऱ्यांना म्हणाले, हे ताईने मला चोरून कळवलं होतं. मला कळू द्यायचं नाही, अशी तिला ताकीद होती.

तर अशा सुखात असताना शेठना माझ्या भवितव्याची काळजी वाटू लागली.

"फुकटच्या जागेत ऱ्हाणाऱ्याला कवाबी उठवत्यात," ते म्हणाले. "उद्या कंपनी म्हणली, उचला तुमचं गबाळ, तर कुठं जाशील?"

ते बोलले इंटरनेटबद्दल, हे मला कळत होतं. तरी त्या संध्याकाळी मी खोलीतली गादी गुंडाळून दोरीने बांधून ठेवली. शेठच्या घरच्या वहिनी चहा घेऊन आल्या, तर मी पिशवीत कपडे भरतोय.

"आता हे काय? कुठं निघाली स्वारी?"

"कुठं नाही वहिनी. शेठ म्हणाले, फुकटच्या जागेचा भरवसा नाही."

"अवो, ते त्या ब्लॉगचं बोलत्यात! सोडा ती गादी. कसला माणूस हाय हा!"

मी गादी सोडली, पण शेठचं म्हणणं मनातून जाईना. ते खोटंही नव्हतं. माझ्या ओळखीच्या एका कवीचा फुकटचा ब्लॉग कुणाच्या तरी तक्रारीवरून एका दिवसात गायब झाला होता. कंपनीला जाब विचारायचा तर कुठे जाणार? तिला ना दार, ना खिडकी, ना जेवायला गेलेला कारकून. तहसील कचेरीत निदान कारकून जेवायला गेलाय एवढं तरी कळतं.

शेवटी शेठनी आपल्या मेहुण्याला बोलावलं. मेहुणा पुण्यात कॉम्प्युटरचं काम करतो आणि शनिवारी बहिणीकडे येतो.

"दाजी, सोपंय," तो म्हणाला. "फुकटचा ब्लॉग म्हणजे दुसऱ्याच्या घरातली खोली. स्वतःचं होस्टिंग म्हणजे मालकीचा प्लॉट. नाव आपलं, डिझाइन आपलं, कुणाच्या बापाची सत्ता नाही."

"आणि मला काय करावं लागेल?" मी विचारलं.

"काहीच नाही. नाव दरवर्षी पुन्हा घ्यायचं, जागेचे पैसे दरवर्षी भरायचे, सगळ्याची रोज एक नक्कल काढून ठेवायची, अपडेट आलं की करायचं, अपडेटने काही मोडलं की मागे फिरवायचं. आणि कुणी साइट फोडली तर मला फोन. शनिवारी."

"मालकीच्या प्लॉटचं दरवर्षी भाडं?"

"भाडं नाही, रिन्युअल."

फुकटच्या ब्लॉगवर हे सगळं कंपनीची माणसं गुपचूप करत होती आणि 'शनिवारपर्यंत थांबा' असं एकदाही म्हणाली नव्हती. हे ओठांवर आलं होतं. पण शेठनी तोवर पहिल्या वर्षाचे पैसे भरून टाकले होते, मला न विचारता, वर पेढे. ज्याने तापात औषध आणून दिलं त्याला 'नको' म्हणायला लागणारी छाती मला अजून आलेली नाही.

साइट दोन शनिवारांत तयार झाली. दुसऱ्या कुठल्याही गावात ती त्याच संध्याकाळी सुरू झाली असती. पण आमच्याकडे बोअरचं पाणी, पतसंस्थेचा काउंटर, सलूनची दुसरी खुर्ची, काहीही उद्घाटनाशिवाय सुरू होत नाही. त्यात शेठ फ्लेक्सवाले. त्यांनी साहेबांची वेळ मागितली. साहेब म्हणजे आमच्या भागातले एक पुढारी. त्यांच्यासाठी मी इतकी विशेषणं वापरली आहेत की आता नवं विशेषण मराठीत शिल्लक नाही.

उद्घाटनाचा फ्लेक्स मीच बसवला. मध्ये साहेब हात जोडून, वरच्या ओळीत त्यांचे वरचे, खालच्या ओळीत त्यांचे खालचे, डावीकडे शेठ, उजवीकडे गॉगल घातलेला मेहुणा. लेखकाचा फोटो बारावा, खालच्या कोपऱ्यात, दुकानाच्या फोन नंबराला चिकटून.

"लेखक जरा मोठा घेऊ का?" मी भीत भीत विचारलं.

"घे की. पर मग नंबर कुठं बसवायचा?" शेठ म्हणाले. लेखक होता तिथेच राहिला.

मग प्रश्न आला जुन्या ब्लॉगचा. लेख सगळे नव्या साइटवर नेले होते, पण जुन्या जागीही ते दिसत होते.

"त्याच्यावर पडदा टाक," शेठ मेहुण्याला म्हणाले. "लोकांनी आधीच बघितलं तर सायबांनी उघडायचं काय?"

"कायमचा नाही ना जाणार?" मी विचारलं.

"अहो, झाकायचाय फक्त," मेहुणा म्हणाला. मी माझ्या पासवर्डने ब्लॉग उघडून दिला. त्याने एक बटण दाबलं आणि ब्लॉग खाजगी झाला. उद्घाटन रविवारी सकाळी होतं. म्हटलं, बाबा दुपारी वाचायला बसेपर्यंत नवी साइट सुरू झालेली असेल, ताईला नवा पत्ता कळवू.

त्या रविवारी साहेबांना नऊ लग्नं निघाली. पुढच्या रविवारी एक दशक्रिया आणि दोन साखरपुडे. तिसऱ्या रविवारी साहेबांना अचानक मुंबईला बोलावलं. का, ते कुणी सांगत नव्हतं, आणि सगळ्यांना माहीत होतं. लॅपटॉपवरची झेंडूची माळ दर रविवारी नवी येई आणि दर सोमवारी शेठच्या म्हशीला मिळे. मी लेख लिहून ठेवत होतो. ताईला म्हटलं, "थोडं काम चालू आहे, बाबांना सांग." तिने सांगितलं की नाही, हे मी विचारलं नाही.

मंगळवारी तिचाच फोन आला.

"तू बाबाले काय म्हटलं?"

"मी? आमचं बोलणं होते कुठं?"

"मंग हे काऊन येते मोबाईलवर? आयक." आणि तिने वाचून दाखवलं, "हा ब्लॉग केवळ निमंत्रित वाचकांसाठी खुला आहे. आपल्याला निमंत्रण असल्याचे दिसत नाही."

झाकलेल्या ब्लॉगच्या दारावर कंपनी अशी पाटी लावते, हे मला ठाऊक नव्हतं. मेहुण्याला ठाऊक असेल. त्याला त्यात विशेष वाटलं नसेल. पण आमच्या चंद्रपूरकडे सख्ख्या भावाच्या घरचं लग्न असलं तरी घरी येऊन अक्षता दिल्याशिवाय माणूस मांडवात पाय ठेवत नाही. बोलावणं चुकलं म्हणून दोन-दोन पिढ्या एकमेकांच्या विहिरीचं पाणी न प्यालेली घरं मला माहीत आहेत.

पहिल्या रविवारी बाबांना वाटलं, मोबाईल बिघडला. दुसऱ्या रविवारी शेजारी जमले होते, आणि बाबांनी सवयीप्रमाणे जे समोर आलं ते मोठ्याने वाचलं. वाचून संपल्यावर त्यांना अर्थ लागला. शेजाऱ्यांना जरा आधी लागला होता. तिसऱ्या रविवारी ते ओसरीवर बसलेच नाहीत.

"काही म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणे, मोठा झाला आता. निवडक लोकायले बोलावते."

फोन ठेवला. मेहुण्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "आज मंगळवार आहे." शेठ काउंटरवर होते, साहेबांच्या पीएशी बोलून नुकतेच खुशीत आलेले.

"गुरुवार फिक्स! पक्कं!"

"शेठ, मी जुना ब्लॉग उघडतो."

"आरं, दोन दिस ऱ्हायलं! आन् तू आत्ताच पडदा काढतो व्हय? सायबांनी येऊन काय काढायचं मग?"

"त्यांनी नवीन उघडावा. जुन्याच्या दाराबाहेर माझे वडील उभे आहेत."

शेठना विचारल्याशिवाय मी तोवर कधी चहालाही गेलो नव्हतो. मी पाटीचं सगळं सांगितलं. सांगताना खोलीतलं सामान किती पिशव्यांत मावेल, याचा हिशेबही डोक्यात चालू होता.  शेठच्या आधी आतून वहिनीच म्हणाल्या, "उघडा वो तुमी. सायबाला काय, बटण दाबल्याशी मतलब. त्याच्याखाली काय हाय ते कोन बघतंय?"

"वडील वाचत्यात, हे कधी सांगितलं न्हाईस," शेठ म्हणाले.

सांगितलं असतं तर त्यांनी बाबांनाही फ्लेक्सवर घेतलं असतं, म्हणून सांगितलं नव्हतं. पण तसं बोललो नाही. कॉम्प्युटरपाशी बसलो. पासवर्ड माझाच होता, बटणही माझ्याच हाताशी. तीन रविवार मी ते मेहुण्याचं समजत होतो. दाबायला एक क्षण लागला.

गुरुवारी साहेब आले. झेंडूच्या माळेतून हात घालून त्यांनी लॅपटॉपचं बटण दाबलं. नेट नव्हतं. टाळ्या झाल्या. भाषणात ते म्हणाले की माझ्यासारख्या उच्चशिक्षित तरुणांनी पुढे यायला हवं. मी पुढे झालो, तर साहेबांना घालायची शाल घेऊन शेठ तिथे आधीच उभे होते.

रविवारी मी जुन्या ब्लॉगवर लिहिलं. झालेलं सगळं जसंच्या तसं लिहिलं, पाटीसकट, आणि शेवटी दोन ओळी: ज्यांना बोलावणं नाही असं वाचावं लागलं त्यांना माझं हात जोडून बोलावणं. चूक माझी.

दुपारी ताईचा फोन आला. मागे ओसरीवरची माणसं बोलत होती, आणि त्यांच्या वरून बाबांचा आवाज.

"त्याले सांग, पत्ता बदलू नको म्हणा. मले हाच सापडते."

"सांग त्यांना," मी म्हटलं, "नाही बदलत."

"आता तुमीच बोला बाप्पा एकमेकासंग! मी काय पोस्टमन हाव?" असं म्हणून ताईने मोबाईल कुणाच्या तरी हातात दिल्यासारखा आवाज झाला.  मग श्वास तेवढा ऐकू येऊ लागला.  'झालं का बोलून' येईल, म्हणून मी वाट पाहत राहिलो.

"इकडं सकाळपासून लाइट नाही," बाबा म्हणाले.

मी विचारलं, "किती वाजता गेली?"