चालीच्या रकान्यातला शब्द

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, शिरूरला दिलेल्या बहिणीजवळ नाही — आणि तिला तर माझ्या घरातल्या डब्यांत काय काय आहे तेसुद्धा ठाऊक असतं. लपवायचं म्हणून लपवलं असं नाही... हो, तसंच आहे. लपवायचं म्हणूनच लपवलं.

मी नर्स. नव्वदच्या दशकात दौंड तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात होते. सोलापूर रस्ता जवळ, त्यामुळे अपघात रोजचे. रक्त, ओकारी, रडारड — कशाला मी कधी नाक मुरडलं नाही. कामाला चोख, असं लोक म्हणायचे. मीही म्हणायची. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल, ही बाई ढिसाळ असणार. नव्हते. मग हे कसं झालं? तेच तर.

तेव्हा आमच्याकडच्या पोलिसांपाशी तोंडानं फुंकायचं यंत्र नव्हतं. ड्रायव्हर प्यायलाय की नाही हे ठरवायची त्यांची पद्धत सोपी होती. रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी. टाचेला अंगठा भिडवत तिच्यावरून दहा पावलं चालायचं. तोल गेला की प्यायला. मग त्याला आमच्याकडे आणायचं. डॉक्टरांनी तपासायचं, फॉर्म भरायचा — तोंडाचा वास, बोलणं, डोळे, चाल. रक्त काढून पुण्याला पाठवायचं.

हे कागदावर. प्रत्यक्षात आमचे डॉक्टर दिवसभर स्वतःच्या खासगी दवाखान्यात असायचे आणि सोमवारी आठवड्याच्या कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून ठेवायचे. रकाने मी भरायची. रक्त भरून पाठवायच्या बाटल्या महिनोन्महिने यायच्या नाहीत. मग उरलं काय? हवालदार सांगायचा, मी लिहायची. कोर्टाला मात्र वाटायचं — पोलिसांनी एकदा बघितलं आणि दवाखान्यानं दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदा कुणीच बघत नव्हतं. किती फॉर्म भरले असतील मी असे? मोजले नाहीत. मोजायची हिंमत नाही.

त्यातला एक दशरथचा.

दशरथ वडगाव रासाईचा, साखर कारखान्याच्या मळीचा टँकर चालवायचा. चाळिशीचा, काळासावळा. वरवंडजवळ त्याचा टँकर उभ्या जीपला घासला. कुणाला खरचटलंही नाही, पण जीपवाल्यानं आरडाओरडा केला — पिऊन चालवतोय. दुपारी बाराच्या सुमाराला दोन पोलिसांनी त्याला बखोटीला धरून आत आणला आणि स्टुलावर बसवला.

"लिवा सिस्टर," हवालदार म्हणाला. "पट्टीवर चालवला तर गडी लावणीच नाचाया लागला!"

बरोबरचा शिपाई हसला. मीही हसले. हे सांगितलं पाहिजे — मी हसले.

दशरथच्या अंगाला आंबूस वास येत होता. मळी अंगावर सांडून वाळली की असाच येतो. साखर कारखान्याच्या पट्ट्यात राहणाऱ्या कुणालाही तो कळतो. मला कळत नव्हता? पण दारूचा वास त्याहून फार वेगळा असतो का? मी जवळ जाऊन हुंगलं नाही. पुढची बाई बाळंतपणाच्या कळा देत होती, मला घाई होती. मी लिहिलं, "वास — होय."

"बाई," तो म्हणाला, "थेंब घेतलेला न्हाई. माझा पाय बघा की जरा."

"गप बसा हो," मी म्हणाले. "सगळे हेच म्हणतात."

त्याच्या पायात कॅनव्हासचे बूट होते. मी ते काढायला लावले नाहीत. त्याला उभा केला नाही, एक पाऊल चालवला नाही. चालीच्या रकान्यात लिहिलं, "झोकांड्या." अक्षर सुंदर आहे माझं. दोन मिनिटांत फॉर्म हवालदाराच्या हातात.

हा गुन्हा नव्हे का? आहे. पण इथपर्यंतचं कदाचित मी तुम्हाला कधीतरी सांगितलंही असतं — कामाचा रगाडा, डॉक्टर जागेवर नाही, वगैरे. पुढचं नसतं सांगितलं.

वर्षभरानं दौंडच्या कोर्टाचं समन्स आलं. डॉक्टरांची लांब बदली झाली होती, म्हणून फॉर्मवरची त्यांची सही ओळखायला मला बोलावलं होतं. सकाळी अकराला मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. दशरथ नळावर पाणी पिऊन माझ्याकडे चालत आला.

मी त्याला पहिल्यांदा चालताना बघत होते.

पायात मागे पट्टा असलेली साधी चप्पल. डावं पाऊल मध्येच संपत होतं — बोटं नव्हतीच. दर पावलाला तो डावीकडे कलायचा, सावरायचा, पुन्हा कलायचा. झोकांड्या. माझाच शब्द अंगावर चालून येत होता. आसपास पोलीस होते, वकील होते, कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. लंगडा माणूस चालत होता, एवढंच. हा पट्टीवर टाचेला अंगठा कुठून भिडवणार होता? अंगठाच नव्हता.

"नमस्कार बाई," तो म्हणाला. मी पायाकडे बघतेय हे त्याला दिसलं. "टायर पडला व्हता, लय वर्सं झाली. क्लच दाबाया काय अडचन न्हाई. लायसन ऱ्हायलं पायजे बघा, नाहीतर ठेकेदार घेनार न्हाई."

तेवढ्यात पुकारा झाला.

तुम्हाला वाटेल, मी आत जाऊन सगळं सांगितलं असेल. साक्षीची पाच मिनिटं माझ्याकडे होती, पुरेशी होती. पण खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न काय आला असता? फॉर्म कुणी भरला? डॉक्टर कुठे होते? आणि आधीचे फॉर्म? नोकरी माझी होती. ती मला हवी होती. मी शपथ घेतली.

डॉक्टरांनी तुमच्यासमोर तपासलं? — हो.

चालवून बघितलं? — हो.

चाल कशी होती? — झोकांड्या जात होता.

आवाज कापला नाही. याचाच मला आजही धक्का बसतो. मी बोलत होते आणि आतून ऐकत होते, ही कोण बाई बोलतेय?

त्याला वकील नव्हता. न्यायाधीश साहेबांनी विचारलं, या साक्षीदाराला काही विचारायचंय? दशरथनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता पाय पुढे करेल. कर, असंही वाटलं. नको, असंही.

"न्हाई सायेब," तो म्हणाला. "बाई दवाखान्याच्या हायत. मला वाटतंय मी घेतली नव्हती. पन त्यांनी तपासून लिवलंय म्हंजी काय तरी आसंल."

त्याला दंड झाला, लायसन्स सहा महिन्यांसाठी गेलं. ठेकेदारानं दुसरा ड्रायव्हर ठेवला. हे मला नंतर कळलं असं नाही — मी मुद्दाम चौकशी केली. कळल्यावर काहीही केलं नाही.

त्या दिवशी तो प्यायला होता का? मला माहीत नाही. प्यायला असेलही. नसेलही. ते बघायचं काम ज्या एका माणसाचं होतं, ती मी होते. मी बघितलं नाही, आणि बघितलं असं शपथेवर सांगितलं.