हरभऱ्यात शिरलेली मेंढरं

मी ऑनलाइन पोकर खेळत होतो. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, घरीही नाही. कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवणारा माणूस, गावात थोडाफार मान. जेवण झालं की ‘पेपर तपासतो’ म्हणून आतल्या खोलीत जायचं आणि दाराला कडी लावायची. पण आज सांगायचंय ते एवढंच नाही.

पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा यायच्या आधीची गोष्ट. परळीला वादविवाद स्पर्धा होती. विषय होता, राज्य सरकारनं ऑनलाइन पोकरला कायदेशीर मान्यता द्यावी की नाही. प्रत्येक कॉलेजातून दोघं, एक अनुकूल, एक प्रतिकूल. आपल्याकडे भाषण करतो विद्यार्थी, लिहून देतो मास्तर. दोन्ही बाजू मीच लिहिल्या.

अनुकूल बाजू एका बैठकीत झाली. लपून खेळण्यापेक्षा परवान्यानं खेळलेलं बरं, वय तपासता येईल, हरण्याला मर्यादा घालता येईल, फसवलं तर तक्रार करता येईल, राज्याला कर मिळेल, आणि शेवटी हा नशिबाचा नाही, डोक्याचा खेळ आहे. माझी रोजची समजूत मी स्वतःला जशी घालायचो, तशीच उतरली. प्रतिकूल बाजूला मात्र पेन चालेना. समाज, संस्कार, तरुण पिढी असे मोठे मोठे शब्द भरून मी ती उरकली.

ती बाजू मांडणारी मुलगी दिंद्रुडकडची, मेंढपाळाच्या घरातली. भाषण वाचून म्हणाली, “सर, ह्यात एक माझं घालू का?” आणि स्टाफरूममध्ये उभ्या उभ्याच बोलायला लागली. “माझा भाऊ मेंढरं राखतो. आधी एक मेंढरू मागं राहिलं तरी त्याला न बघता कळायचं. परवा सगळी मेंढरं दुसऱ्याच्या हरभऱ्यात शिरली. मी बांधावरून बोंबलत होते, त्यानं मान वर केली नाही. त्याच्या मोबाईलवर पोकरचा डाव चालू होता.”

मी म्हणालो, “वादविवादात घरचं सांगत नसतात. मुद्दे मांडायचे.”

“पण सर, तो ऐकायला येणाराय. त्याच्यासाठीच तर मी ही बाजू घेतली.”

“गुण जातील,” म्हणालो. गुणबिण काही जाणार नव्हते. आदल्याच आठवड्यात आई पाण्यासाठी हाका मारत होती. मला ऐकू येत होत्या. एवढा डाव होऊ दे, म्हणून मी उठलो नाही. ती स्वतःच उठली आणि उंबऱ्यात पडली. कपाळाला टेंगूळ आलं. लाईट गेलती, असं मी सगळ्यांना सांगितलं. आईनंही तेच सांगितलं. त्या मुलीचं बोलणं मला भर सभागृहात, पहिल्या रांगेत बसून ऐकायचं नव्हतं.

परळीत तिचा भाऊ धुतलेला शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसला होता. आमच्या अनुकूल बाजूच्या मुलाला पहिलं बक्षीस मिळालं. तिच्याबद्दल परीक्षक म्हणाले, “आवाज चांगला आहे, पण आतून आलं नाही.”

परतीच्या जीपमध्ये भाऊ खुशीत होता. “सर, ह्यो पोरगा लई भारी बोलला. म्या उगंच भेत होतो बघा. डोक्याचा खेळ हाय म्हणल्यावर काय!”

“तुला तेवढंच ऐकू आलं का?” ती म्हणाली.

“तू बी बोललीस की. पण तुझं रेडिओच्या बातम्यावानी झालं. मेंढरं बी झोपली असती.”

सगळे हसले. मीही हसलो. ती माझ्याकडं बघत होती. मी खिडकीकडं तोंड केलं.

पुढं डावापायी त्यानं मेंढरं विकली. माझ्या भाषणामुळं विकली असं म्हणणं म्हणजे स्वतःला फारच मोठं समजणं. पण त्या दिवशी तो ऐकायला आला होता, आणि त्याला ऐकवायचं ते मी तिला बोलू दिलं नाही, एवढं खरं. आता तो मांजरसुंब्याला ढाब्यावर असतो. बीडला जाताना मी तिथं उतरतो, तो चहाचे पैसे घेत नाही.

पैशाचे खेळ आता बंद झालेत. माझंही ॲप बंद पडलं. मी सोडलं असं म्हणता येणार नाही. मनात ती स्पर्धा अजून चालू असते. अनुकूल बाजूत खोटं फारसं नव्हतं, असं अजूनही वाटतं. बंदी आली तरी चोरवाटा राहतातच, आणि चोरून खेळणाऱ्याला कुणाकडं दाद मागता येत नाही. पण परवाना देणारं सरकार मेंढरं हाकायला बांधावर येणार नव्हतं, आणि माझ्या आईला पाणीही देणार नव्हतं. ह्याला उत्तर मला तेव्हाही सापडलं नाही, आताही नाही. म्हणून तर मी ते तिच्या भाषणात येऊ दिलं नाही.

ती पुन्हा स्टेजवर चढली नाही. नर्सिंगला आहे. शिक्षकदिनाला न चुकता मेसेज करते आणि मी हात जोडल्याचं चित्र पाठवतो.

तिचं बोलणं मी का अडवलं, हे तिला समोर बसून सांगायचं राहिलंय. आणि त्या दिवशी परळीत तो पोरगा नाही, मी बोलत होतो, हे तिच्या भावाला सांगायचं राहिलंय. एवढं मी दोघांचं देणं लागतो.