दादाच्या गुडघ्यांच्या गोळ्या

दादाला ती गोळी डॉक्टरांनी सात दिवसांसाठी लिहून दिली होती. त्याने ती पावणेदोन वर्षे घेतली, आणि आणून देणारा मी होतो.

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. आमच्या गावचे, धावड्याचे शेत आम्हा दोघांच्या नावावर आहे, पण मी अंबडला कोर्टात कारकून, त्यामुळे माझ्या वाट्याचे कामही तोच करत आला. पंचावन्नच्या पुढे त्याचे गुडघे सुजू लागले. सकाळी भिंत धरल्याशिवाय उभे राहता येईना. मी त्याला भोकरदनला डॉक्टरांना दाखवले. सांध्याची झीज आहे, म्हणाले. दुखणे आणि सूज कमी करणारी गोळी दोन वेळा, जेवणानंतर, सोबत पोटाला त्रास होऊ नये म्हणून एक कॅप्सूल, मांडीचे व्यायाम, आठवड्याने पुन्हा या.

आठवड्यात दादा पहिल्यासारखा चालू लागला, म्हणून आम्ही पुन्हा गेलोच नाही. मी रिकाम्या पाकिटाचा मोबाईलवर फोटो काढून मेडिकलवाल्याला दाखवला. त्याने चिठ्ठी मागितली नाही, मीही तो विषय काढला नाही. पुढे दर महिन्याला गावी जाताना पिशवीत गोळ्या असत. कॅप्सूल मी बंद केली. एका दुखण्याला दोन औषधे कशाला, असे मला वाटले.

सकाळी कोऱ्या चहाबरोबर गोळी घेऊन दादा शेतात जायचा. भाकरी बांधावर यायची ती दहानंतर. हे मी डोळ्यांनी पाहत होतो. गोळीचे नाव मोबाईलवर टाकून एकदा मी सगळे वाचलेही होते: पोटात जखम, रक्तस्राव, मूत्रपिंड, रक्तदाब. वाचून मोबाईल खिशात ठेवला. दादा चालत होता आणि शेत पिकत होते.

मागच्या नवरात्रात त्याने नऊ दिवसांचा उपवास धरला. दिवसभर चहा आणि संध्याकाळी थोडी भगर. त्याच आठवड्यात सोयाबीन काढणीला आले, वर पावसाचा अंदाज. मजूर मिळेनात, म्हणून तो स्वतःच कापायला बसला आणि दिवसाला तीन गोळ्या घेऊ लागला. सहाव्या माळेला त्याचा फोन आला.

“परसाकडला काळं होऊन राह्यलंय रे. बिलकुल डांबरावानी. अन् उठलं की अंधारी येती.”

“उपासाचं असंल.”

“तुझी वहिनी म्हणती, जल्दी दवाखान्यात जा.”

“जाऊ ना. सोयाबीन निघू दे, मंग मी येतो. बराबर तपासून घेऊ.”

“तेच म्हणलं तिला. म्हणलं, आधी कोर्टाचा हुकूम येऊ दे.” आणि तो हसला.

असे काळे होणे म्हणजे पोटात रक्त, हेही मी वाचलेले होते. फोन ठेवताना मला ते आठवले होते. विसरलो होतो असे म्हणण्याची सोय मला नाही.

आठव्या माळेला तो शेतात कोसळला. मी जालन्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा तो पांढराफटक पडला होता, हाताला रक्ताची पिशवी लावलेली. डॉक्टरांनी विचारले, दुखण्याच्या गोळ्या घेता का? किती, कधीपासून?

“कधीमधी साहेब. ह्या आठवड्यात दोनेक घेतल्या असतील.”

हे तो छताकडे बघत म्हणाला. मला पाठीशी घालण्यासाठी तो खोटे बोलला, हे मला लगेच कळले. तरी डॉक्टर दाराकडे वळेपर्यंत मी गप्प उभा राहिलो. मग म्हणालो, “साहेब, पावणेदोन वर्षं रोज घेतो. ह्या आठवड्यात तीन-तीन, उपाशीपोटी. मीच आणून देतो.”

ते रागावले नाहीत. लिहून घेतले आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या वाढवल्या. दुर्बिणीतून पाहिले तर जठरात जखम होती. मूत्रपिंडालाही इजा झाली होती. ती बरीचशी भरून आली, पूर्ण नाही. गोळी वाईट नाही, डॉक्टर म्हणाले. कमी दिवस, पोटभर खाऊन आणि देखरेखीखाली घेतली तर अनेकांना ती उपयोगी पडते. दादाला मात्र ती आता कायमची बंद.

आता पॅरासिटॅमॉल, तेही सांगितले तेवढेच. शेक, मांडीचे व्यायाम, काठी. शेत बटईने दिले. गुडघे दुखायचे ते दुखतातच.

यंदा पुतणीच्या लग्नाच्या सकाळी त्याने मला बाजूला घेतले.

“एक दे. आजच्यापुरती.”

“न्हाई, दादा. खुर्ची ठेवतो.”

“लेकीच्या लग्नात बसून रामराम घालू?”

“घाल.”

“दोन वर्षं न मागता देत व्हता. आता मागतो तर न्हाई म्हणतो. काय माणूस हायेस रे तू!”

मंडपाच्या दाराशी मी खुर्ची ठेवली आणि शेजारी उभा राहिलो. येणारा जो तो विचारायचा, नवरीचा बाप बसून का? दादा काठीने माझ्याकडे दाखवायचा, “ह्याला इचारा.” पहिल्या दोघांना मी गुडघे दुखतात एवढेच सांगितले. तिसऱ्याला सगळे सांगितले.