गॅस पास झाला का?

अपेंडिक्स काढल्यापासून माझ्या ओवीचं पोट नगाऱ्यासारखं ताणलं होतं. सकाळी डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "गॅस पास झाला का?" मी नाही म्हटलं. "आतडी अजून हलत नाहीयेत. संध्याकाळपर्यंत बघू, नाहीतर पोट परत उघडावं लागेल."

आमच्या घरात या गोष्टीचं नावसुद्धा काढायचं नाही, ही माझीच शिस्त. आता त्याच आवाजासाठी मी कानांत प्राण आणून बसले होते. शेजारच्या खाटेवरच्या मुलाची आजीही जप थांबवून ऐकत होती. देवाकडे माणूस काय काय मागतो!

भिंतीवरचं ऊन उतरायला लागलं, तेव्हा ओवीनं माझी ओढणी ओढली.

"आई, इथे सगळे आहेत," ती कुजबुजली. "आवाज झाला तर ओरडणार नाहीस ना?"