सुशीलामावशीचा फोन

मंडळी, आपल्या फोन कंपनीने यंदा किती गावं फायबरवर आणली, त्याचा मेसेज तुम्हालाही आला असेल. आज आमच्या सांडोरची पाळी होती.

मी लँडलाइन बंदच करणार होते. आई अडून बसली, "नंबर तोच ठेव. आख्ख्या आळीने आपला नंबर पीपी म्हणून दिलाय." अगं, शेजाऱ्यांचे फोन आपल्याकडे यायचे, तो जमाना वेगळा होता! आता शेजारच्या सगळ्यांकडे मोबाइल आहेत.

दुपारी कंपनीचा माणूस आला. जुनी तांब्याची तार काढून त्याने फायबर जोडली आणि मागच्या केळीच्या बागेत उभं राहून, टेस्टिंगसाठी स्वतःच्या मोबाइलवरून रिंग दिली.

आईने रिसीव्हर उचलला, काही न विचारता बाजूला ठेवला आणि मागच्या दारातून हाक मारली, "सुशीले, फोन आलाय गं!"

केळीच्या पानांतून हिरवं ऊन ओटीवर सांडत होतं. क्षणभर मला साल कुठलं तेच कळेना.

शेजारच्या वाडीतून सुशीलामावशी पदराला हात पुसत धावत आली. कुणाचा फोन, हेही तिने विचारलं नाही.

"हॅलो, आले मी. बोला."

केळीतला माणूस गोंधळला. मग हळूच म्हणाला, "मावशी, कशा आहात?"

मावशी बराच वेळ सांगत राहिली.

नंबर तोच ठेवलाय. तुमच्या आळीत फोन कुणाकडे होता? लावून बघा ना एकदा.