आपला आणि टीव्हीवाला

पुण्यात ज्याला क्रिकेट कळत नाही असा माणूस सापडणं कठीण, आणि आपल्याखेरीज दुसऱ्या कुणाला ते कळतं असं कबूल करणारा सापडणं त्याहून कठीण; पण या दोन्ही बाबतींत माझ्या आत्याच्या जवळपास येईल असं माणूस मी कात्रजपासून वाघोलीपर्यंत पाहिलेलं नाही. त्यातही बॅटिंगशी तिला फारसं कर्तव्य नाही. "बॅट काय, कुणीही धरतो," म्हणते. तिचा सगळा जीव वेगवान गोलंदाजीत. ती टेलिफोन ऑपरेटर होती तेव्हा कसोटीच्या दिवसांत नगरला ट्रंक कॉल मागणाऱ्याला आधी किती विकेट पडल्या ते ऐकावं लागे, मग नगर मिळे. आजही धायरीच्या तिच्या घरी गेलं की दार उघडायला ती खाली येत नाही, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून जिन्याची किल्ली टाकते. "जरा डावीकडे सरक, बाहेर जाते ती," असं ओरडते, आणि किल्ली खरोखरच हवेत वळून, उभ्या असलेल्या स्कूटरला चुकवून, सांगितल्या जागी पडते. मोसंबी घेताना ती दोन बोटांत धरून मनगट फिरवून बघते. एकदा फळवाला वैतागून म्हणाला, "मावशी, खायचीय का टाकायचीय?" आत्या म्हणाली, "शिवण असती तर टाकलीच असती." माझ्या बहिणीला बघायला मुलगा आला तेव्हा सगळ्यांना तो आवडला, आत्या तेवढी म्हणाली, "रनअप झकास आहे. क्रीजपाशी आला की दम संपतो." बहिणीने त्याच्याशीच लग्न केलं, आणि आत्याचं निदान किती अचूक होतं हे ती दर दिवाळीला माहेरी येऊन सांगते.

या आत्याचा एक गोलंदाज होता. लग्न नवं होतं तेव्हा आतोबांनी ऑफिसातून दिवसाची रजा काढली, आत्याने सासूबाईंना मैत्रिणीच्या बाळाचं बारसं आहे असं सांगितलं, आणि दोघं डब्यात थालीपीठं घेऊन स्वारगेटजवळच्या जुन्या स्टेडियमवर जाऊन बसली. डोक्यावर सावली नाही, खेळपट्टी मेलेली, समोरचा फलंदाज मुक्कामाला आल्यासारखा उभा, आणि तो उमदा माणूस दिवसभर धावत येतोय. उन्हं कलली तरी पावलांचा आवाज तोच. आत्या आतोबांना म्हणाली, "हा आपला." झालं. तेव्हापासून आमच्या कुटुंबात त्याचं खरं नाव कुणी घेतलं नाही. "आपल्याचा खांदा दुखतोय म्हणे," "आपला थोडा सुटलाय हल्ली," अशी घरात चर्चा चाले आणि नवखा पाहुणा हा कोण जावई म्हणून इकडेतिकडे बघे.

अलीकडे हा नवा मुलगा आला. उंच, काटक, कुठल्याशा लहान गावातून आलेला. चेंडू टाकतो की फेकून मारतो हे कळायच्या आत यष्टी पडलेली असते. बघता बघता जो तो त्याची तुलना 'आपल्या'शी करू लागला. आत्याने त्याचं नाव 'टीव्हीवाला' ठेवलं. "चार ओव्हर टाकतो आणि सीमारेषेवर केळं खात बसतो. आमचा दिवसभर टाकायचा, वर संध्याकाळी बॅटिंगला यायचा." पडद्यावर त्याच्या चेंडूचा वेग दाखवतात, त्याचा तिला विशेष राग. "वेग आकड्यात सांगावा लागतो, म्हणजे दिसत नाही." तुलना नकोत म्हणून तिने टीव्हीचा आवाजच बंद करून टाकला. समालोचकांचं तोंड हलायचं, आणि बोलायची ती.

आतोबा म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अतिशय शांत गृहस्थ. सबंध संसारात त्यांनी आत्याचा शब्द एकदाच मोडला. एका संध्याकाळी आमटीभात कालवता कालवता ते म्हणाले, "अगं, मला वाटतं, हा मुलगा आपल्याच्या पुढे जाणार." पुढे कित्येक दिवस आतोबांच्या ताकात मीठ पडलं नाही. पण आतोबाही त्या एका मुद्द्यावर हटले नाहीत. तो मुलगा धावत निघाला की खुर्चीत पुढे सरकायचे, आणि आत्या मुद्दाम वर्तमानपत्र उघडायची.

असंच एकदा तिने वर्तमानपत्र बाजूला केलं तेव्हा ते पडद्याकडे बघून कौतुकाने मान डोलवत होते. "टप्पा बघ, काय अचूक," म्हणाले. पडद्यावर केसांच्या तेलाची जाहिरात चालू होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या रिक्षा बोलावून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. काचबिंदू होता. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही. आहे ते थेंबांनी टिकवू. आता त्यांना उजेड कळतो, दारात कुणी उभं राहिलं तर सावली कळते. धुरकट होतंय हे त्यांना बरेच दिवस जाणवत होतं. हिला कशाला घोर, म्हणून गप्प राहिले होते.

मी म्हटलं, "आत्या, आता आवाज तरी चालू कर." ती म्हणाली, "त्या लोकांवर माझा नवरा सोपवू?" आणि समालोचन तिने स्वतःकडे घेतलं. क्षेत्ररचना, ढग, पंचांचं पोट, काही सोडायची नाही. फक्त टीव्हीवाल्याची ओव्हर आली की तिची वाणी आखडायची. एका रविवारी मी समोर बसलो होतो. त्या मुलाने मधली यष्टी अशी उडवली की ती कोलांट्या खात यष्टिरक्षकापर्यंत गेली. सोसायटीच्या सगळ्या गॅलऱ्यांतून आरोळी उठली, कुणीतरी थाळी वाजवली.

"काय झालं गं?" आतोबांनी विचारलं.

"एक रन."

"एका रनाला सगळी धायरी ओरडली?"

"लोकांना हल्ली कशाचंही कौतुक."

मला हसू आवरेना. आतोबाही हसले, पण उशिरा, आणि थोडंच. पुढच्या सामन्याला ते म्हणाले, "आज नको. तू बघ," आणि भिंत चाचपत आतल्या खोलीत जाऊन पडले. त्याच्या पुढच्यालाही तेच. मग आत्याने टीव्ही लावणंच सोडलं. जेवणं आटोपून घर दुपारीच झोपी जायला लागलं. आत्या फोनवर मला म्हणाली, "ते बोलत नाहीत रे. चहा दिला की छान झालाय म्हणतात, आणि तेवढंच."

एका शनिवारी मी त्यांचे डोळ्यांचे थेंब घेऊन गेलो. त्या दिवशी किल्ली नुसती खाली पडली. वर पोचलो तर टीव्ही चालू, आणि आत्या आतल्या खोलीच्या दारात.

"अहो, उठा. तो टाकतोय."

"एक रन. माहीत आहे मला," आतोबा कुशीवरूनच म्हणाले.

आत्या पलंगाच्या कडेला बसली. "मी खोटं सांगत होते," म्हणाली. "त्या दिवशी मधली यष्टी उडाली होती. त्याच्या आधीही दोनदा." त्यांच्या अंगावरचं पांघरूण काढत म्हणाली, "तुम्हाला तो आवडतो, आणि मी तो तुम्हाला दाखवला नाही. उठा आता."

तिने त्यांना हाताला धरून पॅसेजमध्ये आणून उभं केलं, पदर कमरेला खोचला, उजवा हात वर केला आणि त्यांचा पंजा आपल्या मनगटावर ठेवला. "आपला कसा टाकायचा, आठवतंय?"

"आठवतंय म्हणजे काय! आधी खांदा यायचा. मग सबंध हात."

"बरोबर. याचाही खांदा तसाच येतो. अगदी तसाच. पण मनगट बघा, मागेच राहतं. राहतं, राहतं, आणि आत्ता!" तिने हात हळूहळू खाली आणला. आतोबांची बोटं तिच्या मनगटावरून सरकत गेली. त्यांनी पुन्हा दाखव म्हटलं. तिने पुन्हा दाखवलं. मग रनअपशिवाय कळायचं नाही म्हणून मला स्वयंपाकघराच्या दारात लाटणं देऊन उभं केलं, मोज्यांच्या जोडीचा गोळा केला, आणि दुखऱ्या गुडघ्यांची माझी सत्तरीची आत्या पॅसेजच्या टोकाकडून धावत आली. आतोबा भिंतीला टेकून तिची पावलं ऐकत होते. गोळा माझ्या पोटात बसला, लाटणं हातातून सुटलं.

"गेला का?" आतोबा ओरडले.

"बोल्ड!" आत्या धापा टाकत म्हणाली. "अहो, चांगला आहे तो. फार चांगला आहे."

"अगं, पण आपला तो आपलाच."

"माझ्या समाधानासाठी काही बोलू नका."

आतोबा मोठ्याने हसले. चहा झाला. आतोबा टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसले, आणि तिकडे मैदानावर पाऊस येऊन खेळ थांबला तशी आत्या मला सोडायला फाटकापर्यंत आली. मी तिला विचारलं, "आता खरं सांग. मोठा कोण?"

ती नेहमीसारखं फटकन काही बोलेल असं वाटलं होतं. पण तिने विचार केला. कुंपणाशी वाळत घातलेल्या कुणाच्या तरी चादरीकडे बघत राहिली.

"'आपल्या'ला आम्ही दोघांनी पाहिलं रे," ती म्हणाली. "मी बघायची, हेही बघायचे. सांगायला काही लागायचं नाही. याला मी एकटी बघते, आणि मग यांना सांगते. सांगताना निम्मा सांडतो. तुलना कशी करायची?"

तेवढ्यात वरून, गॅलरीचे गज धरून, आतोबांनी हाक मारली, "अगं, सुरू झालं वाटतं! लोक ओरडतायत!"

आत्या वळली. कठड्याला धरून, एकेक पायरी चढत वर निघाली, आणि पहिल्या वळणावरूनच तिने ओरडून सांगितलं, "थांबा हो, मी आल्याशिवाय टाकत नाही तो!"